टाकाची पाठ पोकळ असते

पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कुणीतरी गेलं हे वाचण्याआधीच कळलं. कोण, एवढंच पाहायचं राहिलं होतं. शाळेच्या शिपायानं कार्ड दोन बोटांत धरून माझ्यापुढं ठेवलं आणि तो बाहेर गेला. आत शेवंताबाईच्या जावयाच्या अक्षरात चार ओळी होत्या. सासूबाईंना ताप आला, तो उतरला नाही, आठव्या दिवशी गेल्या, शेवटपर्यंत तुमची आठवण काढत होत्या, कळावे. राहात्याच्या आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्या वेळी आम्ही तिघीच होतो. एकीनं विचारलं, कोण होत्या या? मी म्हटलं, पाथर्डीकडची एक बाई, दुष्काळी कामावर माती उपसायची, हंगामात ऊस तोडायला इकडं यायची. त्यावर ती मनापासून हळहळली आणि म्हणाली, "सुटली बिचारी."

हे दोन शब्द गेले सहा आठवडे मला सोडत नाहीत. शेवंता रामा साळवे सुटलेली नाही. तिचं एक काम अर्धं राहिलं आहे, आणि ते अर्धं राहण्यात माझाही हात आहे. बिचारी तर ती एक दिवससुद्धा नव्हती. कुणाला बिचारं म्हणायचंच असेल तर आम्हा कागदावर सह्या करणाऱ्यांना म्हणावं. त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण तासाची घंटा झाली होती. इथं गप्प राहायचं काही कारण नाही. समोर बोलताना मी तिला अहो-जाहो करत असे, ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती. पण मनात ती नेहमी 'ती'च होती, म्हणून लिहितानाही तसंच लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळात मी तिसगावच्या बाजूच्या एका गावात शिकवत होते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं माझे विद्यार्थी आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या गावानं जे केलं ते आपल्या कुठल्याही गावानं केलं असतं. शाळेचे वर्ग ओस पडले होते. अर्धा गाव पाझर तलावाच्या कामावर, आणि आईबापांच्या मागं मुलंही तिकडंच. हेडमास्तर म्हणाले, मुलं शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडं जाऊ द्या. मग मी रोज दुपारी तलावाजवळच्या लिंबाला फळा टेकवून वर्ग भरवू लागले. पहिल्याच दिवशी महाराष्ट्रातल्या नद्या घेतल्या. डोक्यावर मातीची पाटी घेतलेली एक उंच, काटक बाई फळ्यापाशी थांबली, चार नद्यांची नावं ऐकून घेतली आणि म्हणाली, "शिकवा बाई, शिकवा. बगायला न्हाई तर ऐकायला तरी पानी मिळंल पोरान्ला." आसपासची सगळी माणसं हसली. मला राग आला, मग हसूही आलं. दुसऱ्या दिवशी मी नद्या सोडून पाढे घेतले. तिनं येता-जाता तेही ऐकलं आणि मान हलवली, म्हणजे हे चालेल.

तिच्या नवऱ्याला, रामाला, दमा होता. सहा दिवसांतले तीन दिवस तो कामावर यायचा, उरलेले तीन दिवस ती एकटी दोघांची माती उपसायची. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मात्र नोंद होती 'रामा साळवे व पत्नी'. सगळ्याच जोड्यांची तशी होती. बाईचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. दुसरी एक पद्धत सांगायला हवी. खड्डा खणताना मधोमध न खणलेल्या मातीचा एक खांब उभा ठेवायचा. ओव्हरसियर येऊन त्या खांबाच्या उंचीवरून खड्डा किती खोल गेला ते मोजायचा, आणि मोजणी झाली की खांब पाडायचा. काही लोक खांबाच्या डोक्यावर हळूच माती थापून त्याची उंची वाढवत. शेवंताबाईचा खांब जसाच्या तसा असे. चार बोटं माती चढव, कोण बघतंय, असं तिला कुणी तरी सुचवलं, तेव्हा ती म्हणाली, "खांबच खोटं बोलाया लागला तर खड्ड्याचं कोन ऐकंल?"

त्या दिवशी रामा आला नव्हता. त्या बाजूच्या खड्ड्यांत जुन्या वस्तीची पांढरी माती लागत होती, अधूनमधून खापरं निघत होती, त्याकडं कुणी लक्ष देत नसे. मोजणी झाली आणि शेवंताबाईनं खांबाला टिकाव घातला. तिसऱ्या घावाला खांब कलला आणि त्याच्या पोटातून ओंजळीत मावेल एवढं एक गाडगं निघून फुटलं. काळ्या, एकमेकींना चिकटलेल्या चकत्या मातीत पसरल्या. लिंबाखालून तिचा खड्डा मला अगदी समोर दिसत होता. मुकादम त्या वेळी पार पलीकडं बांधावर बसून कुणाकडं तरी चुना मागत होता, हेही मला दिसत होतं. ते गाडगं शेवंताबाईच्या टिकावानं बाहेर आलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे वाक्य मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

मुकादम धावत आला आणि त्यानं सगळं आपल्या पंच्यात बांधलं. एका म्हाताऱ्यानं त्यातली एक चकती मागून घेऊन धोतराला घासली. काळ्या पुटाखालून चांदी चमकली आणि चांदीवर दोन माणसं दिसली, शेजारी शेजारी उभी, हाताशी ढाली, मागं भाले. "भैरोबा-जोगूबाई हाय," म्हातारा म्हणाला आणि त्यानं चकती कपाळाला लावली. मग कुणाला तरी आठवलं की लुटालुटीच्या काळात पूर्वजांनी देवघरातले टाक पुरून ठेवले होते असं त्याचा आजा सांगायचा. झालं. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुलदेवतांचे टाक घरोघर रोज पुजले जातात, त्यांची ओळख कोण चुकवणार? पंचा वाजतगाजत देवळात गेला. गुरवानं चिंच आणि राख लावून देवांची तेवढी बाजू घासली, हळद वाहिली, आणि पुष्कळ दिवसांनी गावाला वाटलं की देव आपल्याला विसरला नाही. मी याला हसणार नाही. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन दिवस काढणाऱ्या माणसांना एवढं वाटलं तर वाटू द्यावं. फक्त, जिनं खांब पाडला ती त्या मिरवणुकीत नव्हती. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. बौद्ध वस्तीतल्या बाईच्या हातून भैरोबा वर आला, हे गावाला पचणारं नव्हतं, म्हणून गावानं त्याबद्दल बोलायचंच टाळलं.

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. सकाळी शेवंताबाई माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. आत या म्हटलं तर म्हणाली, उजेड हितं हाय. तिनं कनवटीतून एक चकती काढून माझ्या हातावर ठेवली.

"पाटीत मातीसंगं आली व्हती. बांधावर वतली तवा दिसली. बाई, ह्यो टाक न्हाई."

"कशावरून?"

"टाकाची पाठ पोकळ असती. म्होरून देव उठिवला की मागनं खळगा पडतो. ह्ये दोन्हीकडून भरीव हाय. आनि मागं बगा, मानसाचं तोंड हाय."

तिला हे ठाऊक असायला कारण होतं. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा ती बाळंतपणासाठी गोदाकाठच्या तिच्या माहेरी होती. तिथं घराघरांतले देव नदीत सोडले गेले. बाप दीक्षा घेऊन आलेला, पण टाकांना हात लावायचा आईला धीर होईना. तेव्हा ओल्या बाळंतिणीनं, म्हणजे शेवंताबाईनं, घरातले पाच टाक फडक्यात बांधून नेले आणि एकेक करून पाण्यात सोडले. प्रत्येक टाक सोडताना अंगठा त्याच्या मागच्या खळग्यात बसायचा. "अंगठ्याला याद हाय," ती म्हणाली. गावात एवढी देवघरं, पण देव उलटा करून कुणी कधी पाहत नाही. ज्या बाईनं देव सोडले तिलाच त्यांची पाठ माहीत होती.

माझे वडील नगरला मास्तर होते आणि त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. त्यांचं एक इंग्रजी पुस्तक माझ्या पेटीत होतं, मागं नाण्यांची चित्रं असलेलं. उंबऱ्यावर बसून आम्ही दोघी ती चकती एकेका चित्राशी ताडून पाहत राहिलो. तास दीड तासानं जुळलं. रोमचं चांदीचं नाणं, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं. रोम कुठं, असं तिनं विचारलं. समुद्रापलीकडं, मी म्हटलं, तिथल्या व्यापाऱ्यांची गलबतं इकडं यायची, मिरी आणि कापड न्यायची, बदल्यात चांदी सोडून जायची; आपलं पैठण तेव्हा मोठी पेठ होतं. "पैठन म्हंजे आमच्याच नदीवरचं की," ती म्हणाली, आणि रोमबद्दलचा तिचा परकेपणा तिथं संपला.

मग आम्ही नाणं वाचायला लागलो. वाचायला म्हणजे पाहायला. अक्षरं तिला येत नव्हती आणि तिथली भाषा मलाही धड येत नव्हती. एका बाजूला रोमच्या पहिल्या सम्राटाचं डोकं, त्यावर पानांचा मुकुट. राजाला सोन्याचा मुकुट का नाही, तिनं विचारलं. मी म्हटलं, जिंकून आलेल्याला तिकडं पानांचाच घालत, तोच मोठा मान. दुसऱ्या बाजूला ते दोघं तरुण, ढालींवर हात टेकून उभे, आणि त्यांच्या डोक्यांच्या मधल्या जागेत दोन लहानशा वस्तू. एक देवाला द्राक्षाची दारू वाहायची पळी. दुसरी टोकाला वळलेली काठी, तिकडच्या शकुन पाहणाऱ्यांची. पाखरं कुठून कुठं उडाली ते पाहून ते बरंवाईट सांगत. ढाल-भाला म्हणजे हे लढणारे, पळी-काठी म्हणजे देवाधर्माचेही मानकरी, असं ते चित्र सांगत होतं. शेवंताबाईनं त्या काठीवर नख ठेवलं आणि म्हणाली, मेंढक्याची पाला वढायची आकडी हाय ही. मग म्हणाली, "नखायवढ्या जाग्यात लई सांगितलंय. ह्ये दोघं कोन?"

"राजाचे नातू. मुलीची मुलं. गादी द्यायची म्हणून त्यानं दत्तक घेतली होती. दोघंही त्याच्याआधी गेली, ऐन तारुण्यात."

"आनि ह्ये कडंनं काय लिवलंय?"

"या बाजूला राजाचं नाव. देशाचा पिता, असं म्हटलंय त्याला. त्या बाजूला मुलांची नावं."

"समद्यांची हायेत?"

"सगळ्यांची."

"पोरांच्या आईचं?"

मी नाणं पाहिलं, मग पुस्तक चाळलं... आईचं नाव कुठंच नव्हतं. ती कुठं होती ते मात्र पुस्तकात होतं. ही नाणी टाकसाळीत पाडली जाऊ लागली त्याच सुमाराला बापानं तिला बदफैली ठरवून एका ओसाड बेटावर धाडून दिलं होतं. मी तिला ते सांगितलं. शेवंताबाईनं नाणं उलटून राजाचं तोंड पाहिलं, पुन्हा उलटून मुलं पाहिली.

"देशाचा बाप," ती म्हणाली. "आनि पोरीचा कोन?"

ती पदर झटकून उठली आणि म्हणाली, चला देवळाकडं. देवळात त्या वेळी बरीच माणसं होती. ती खालच्या पायरीशीच उभी राहिली. वर तिला कुणी येऊ दिलं नसतं हे खरं, आणि तिला वर जायचं नव्हतं हेही तेवढंच खरं. तिथून तिनं गुरवाला हाक मारली. "गुरवबाबा, देव जरा उलथा करा. समदे नगं, येकच करा. मागं कोन हाय त्ये बगा." मुकादम ओरडला, तुला कोनी इचारलं? पण गुरव साधा माणूस होता आणि त्याचं कुतूहल त्याच्या भक्तीपेक्षा चपळ निघालं. त्यानं एक उलटा केला. हळदीच्या लगद्यातून रोमच्या सम्राटाचं नाक वर आलं. कालपासून तो पालथा पडून हळद खात होता. कुणी तरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. धोतराला घासणारा म्हातारा पुढं झाला, त्यानं नीट पाहिलं आणि हळूच विचारलं, "ह्यो कोन?"

"राजा हाय, लांबचा," शेवंताबाई म्हणाली. "तुमचा न्हाई, माजाबी न्हाई. पर सापडला मला."

शेवटचे तीन शब्द तिनं मोठ्यानं म्हटले. तिला तेवढंच हवं होतं. चांदी नको होती, बक्षीस नको होतं, देवळात पाऊल नको होतं. ज्या नाण्यावर दोन हजार वर्षं एका माणसाचं नाव टिकलं, ते नाणं वर आणणाऱ्या हाताचं नाव एका कागदावर एकदा लागावं, ही तिची मागणी होती. यात अवघड काय होतं हे मला अजून कळलेलं नाही.

चारच दिवसांत ही बातमी कचेरीपर्यंत गेली आणि एक साहेब पंचनाम्याला आले. देवळात गेलेली चांदी परत द्यायला गाव राजी नव्हतं, आणि साहेबांना वाद नको होता. दुपारभर चावडीत बोलणी झाली आणि तोड निघाली. देवळातली नाणी सरकारजमा होतील, आणि ती सापडली मुकादमाला असं लिहिलं जाईल. मुकादमाच्या भावकीकडं देवळाचा मान होता, त्यामुळे गावाची मान खाली जाणार नव्हती. पंचनामा लिहून होत आला तेव्हा शेवंताबाई आत आली आणि तिनं आपल्याजवळचं नाणं टेबलावर ठेवलं. माज्या पाटीत आलं व्हतं, ह्येबी धरा, ती म्हणाली.

साहेब म्हणाले, "हे तुझ्याकडं इतके दिवस कसं? सरकारी माल लपवणं म्हणजे चोरी होते, माहीत आहे ना?"

"मग चोरीत लिवा," ती म्हणाली. "सापडन्यात लिवा न्हाईतर चोरीत लिवा, पर नाव माजं लिवा. शेवंता रामा साळवे."

तलाठ्यानं मस्टर उघडून दाखवलं. या नावाचं कुणी कामावरच नव्हतं. रामा साळवे होता, आणि पत्नी होती. ती म्हणाली, बक्षीस मिळायचं आसंल त्ये मुकादमाला द्या, नाव तेवढं मला द्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तिचं नाणं इतर नाण्यांत मिसळलं गेलं आणि कागदावर त्याची वेगळी नोंद झाली नाही. म्हणजे चोरीतसुद्धा त्यांनी तिचं नाव लिहिलं नाही.

यानंतरचं लिहायला मला सहा आठवडे लागले. पंच म्हणून एक सही शिकलेल्या माणसाची हवी होती. हेडमास्तर माझ्या कानाशी म्हणाले, करून टाका बाई, बदल्यांचे दिवस आहेत, मिटतंय तर मिटू द्या. 'मुकादम यांस काम चालू असता आढळून आले' या वाक्याखाली मी सही केली. माझी सही चांगली वळणदार आहे, मुलं तिची नक्कल करतात. त्या दिवशीही ती वळणदारच आली. शेवंताबाई दारातून पाहत होती. मी बाहेर आले तेव्हा ती म्हणाली, "तुमचं तरी नाव लागलं, बाई." तो टोमणा होता आणि मला तो लागला. बदली तर टळली नाहीच, पुढच्या तीन महिन्यांत ती राहात्याला झाली.

सहीनंतर चार दिवस शेवंताबाई फळ्यापाशी थांबली नाही. समोरून पाटी घेऊन जायची, मान न वळवता. माझे पाढे चुकायला लागले. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती खोलीवर आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "रडून झालं आसंल तर कागद घ्या." तो आमचा पहिला अर्ज. मी सवयीनं वर 'विनंती अर्ज' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, विनंती कशापायी? मी काय मागती का? जे झालं त्ये सांगती. मी ते शब्द खोडले. पुढं मी तिची भाषा सरळ करायला गेले तर तिनं तेही चालू दिलं नाही. पहिलं वाक्य ठरलेलं होतं, 'मला सापडलं.' मग खांब, तिसरा घाव, गाडगं. शेवटी ती म्हणायची, तुमचंबी लिवा. मी पहिल्या अर्जात लिहिलं नाही, दुसऱ्यातही नाही. ती वाद घालत नसे, फक्त दर वेळी तेवढं म्हणायची. तिसऱ्या अर्जात मी लिहिलं की मी पंच म्हणून सही केलेला कागद खोटा आहे आणि ते मला सही करतानाच माहीत होतं. ते लिहून झाल्यावर मी रडले आणि तिनं मला पाणी आणून दिलं. माझ्याच माठातलं, माझ्याच तांब्यातून... आणि त्यासाठी ती पहिल्यांदा माझ्या खोलीत आत आली.

अर्जांना उत्तरं यायची, नाही असं नाही. आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे. राहात्याला गेल्यावर हे उत्तर मी तिला एका पत्रातून कळवलं, तर तिनं लेकीकडून निरोप लिहवून घेतला की ह्ये म्होरं म्हंजे कुठं हाय त्ये इचारा, तिथंच जाऊ.

गेल्या हिवाळ्यात ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर राहात्याजवळच्या फडावर आली होती. बाजाराच्या दिवशी माझ्याकडं आली. हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा, आवाज मात्र तोच. टोळीतल्या बायांना ती भाकरी भाजताना नाण्याची गोष्ट सांगत असे. त्या बाया राजाबद्दल काही विचारत नाहीत, म्हणाली, त्या त्याच्या पोरीबद्दल विचारतात, आणि तिचं नाव मला ठाऊक न्हाई. काय हुतं तिचं नाव? मी सांगितलं. पहिल्यांदा ती अडखळली, दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदा नीट जमलं. राजाचं नाव मी तिला कितीदा सांगितलं असेल, ते तिनं एकदाही म्हणून पाहिलं नव्हतं. मग तिनं विचारलं, अर्जाचं काय झालं? मी म्हटलं, अजून काही नाही. "मग नवा लिवा," ती म्हणाली. "त्यान्ला वाटाया नगं, आमी इसारलो." आम्ही नववा अर्ज लिहिला. ती पिशवीत वांगी आणि मिरच्या घेऊन फडावर परत गेली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पोस्टकार्ड आल्यावर मी चौकशी केली आणि कळलं की ती नाणी आता एका सरकारी वस्तुसंग्रहालयात मांडली आहेत. कुठल्या ते लिहीत नाही, लिहिलं तर हा लेख छापला जायचा नाही. शनिवारी अर्धी शाळा असते. एसटीनं गेले. काचेखाली मखमलीवर नाणी ओळीनं ठेवलेली, शेजारी चिठ्ठी: रोमन चांदीची नाणी, पाझर तलावाच्या कामावर प्राप्त. मुकादमाचं नावसुद्धा गेलं होतं. त्याच्या भावकीनं एवढा घोळ घातला आणि शेवटी त्याच्याही हाती काही लागलं नाही, याचं मला हसू आलं. दाराशी एका उंच टेबलावर अभिप्रायाची वही होती. लोकांनी लिहिलं होतं, मांडणी उत्तम, पिण्याच्या पाण्याची सोय हवी. मी लिहिलं, 'ही चांदीची नाणी शेवंता रामा साळवे यांना सापडली. मी तिथं होते.' आणि खाली माझी वळणदार सही केली.

पुढच्या शनिवारी गेले तर ओळ पट्टीनं खोडलेली होती. पुन्हा लिहिली. तिथला पहारेकरी म्हणाला, बाई, इथं अभिप्राय लिहायचा असतो. मी म्हटलं, हा अभिप्रायच आहे. तिसऱ्या शनिवारी त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. मी पुढच्या पानावर लिहिली, थोड्या मोठ्या अक्षरात. त्यांच्याकडं डिंक किती आहे ते मला माहीत नाही, पण माझी नोकरी अजून सव्वीस वर्षं आहे आणि शनिवार दर आठवड्याला येतो.

परवा चौथ्यांदा गेले. माझी ओळ तशीच होती, खोडली नव्हती, झाकली नव्हती. तिच्याखाली हिरव्या शाईत, अनोळखी अक्षरात कुणी तरी लिहिलं होतं, 'शेवंता साळवे कोण?' मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. नऊ अर्जांत तिचं नाव आलं ते माझ्या हातानं, वहीत आलं तेही माझ्याच हातानं, आणि जावयानं कार्डात लिहिलं होतं ते सासूबाई. दुसऱ्या कुणी आपण होऊन तिचं नाव कागदावर लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. उत्तर लिहायला मी पेन काढलं. पण पहारेकरी दारं लावायला आला होता आणि पानाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली होती. तेवढ्या जागेत ती मावेना, म्हणून हे इथं लिहिलं.